तेरावा खण

ओवेस काझीची मेल आली तेव्हा सुलभा ठोसर अंगणात कूलरची खस बदलत होती. एप्रिलचा दुसरा आठवडा, नागपूरचं ऊन भाजून काढत होतं. घरात येऊन तिने हात पुसले, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच मेल वाचली.

‘मॅडम, आपली ओळख नाही. मी पुण्यात सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याचं काम करतो. “पंक्ती”च्या जोडाक्षरांच्या भागात मला एक दोष सापडला आहे. मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. कृपया आजच फोन करा.’

सुलभा खुर्चीत बसली.

‘पंक्ती’ तिनेच लिहिली होती. आपण टाइप करतो ती अक्षरं आणि आपल्याला दिसतं ते पान, या दोन्हींच्या मधे एक कारागीर बसलेला असतो. जोडाक्षरांना रूप द्यायचं, काना-मात्रा जागच्या जागी बसवायच्या, ओळी तोडायच्या, तक्ते आखायचे, आकडे रांगेत लावायचे, ही त्याची कामं. जुन्या छापखान्यात हे काम खिळे जुळवणारा माणूस करायचा. आता एक प्रोग्राम करतो. २०१९ साली, चाळिशीत असताना, सुलभाने तो मराठीसाठी लिहिला. आधी दोन-चार प्रकाशकांनी वापरला. मग दहा वर्षांनी राज्याने सगळे दस्तऐवज एकाच पद्धतीने मांडायचं ठरवलं आणि पंक्ती सगळीकडे गेली. सातबारा, न्यायालयाचे निकाल, शाळेचे दाखले, दवाखान्यांतली उपचारपत्रकं. आता २०४१ साली राज्यात मराठीतून जे काही अधिकृत म्हणून वाचलं जाई, ते पंक्तीने मांडलेलं असे. सुलभा निवृत्त झाली होती, पण एखादा दाखला हातात आला की ती अजूनही आधी जोडाक्षरं बघायची.

तिने फोन लावला. पलीकडचा आवाज तरुण होता, जपून बोलणारा.

“मॅडम, एका अक्षरासाठी तुम्ही किती जागा ठेवली होती, आठवतं?”

“बारा खण,” सुलभा म्हणाली. आठवायची गरजच नव्हती.

संगणकाची स्मृती म्हणजे ओळीने लावलेले खण. पंक्ती एकेक अक्षर उचलायची, त्याचे तुकडे बारा खणांत मांडायची आणि मग त्यांतून अक्षराचा आकार घडवायची. बाराच का, तर त्या वेळी सुलभाने नवऱ्याला विचारलं होतं, मराठीत सगळ्यात अवघड जोडाक्षर कुठलं? भास्करराव शाळेत मराठी शिकवायचे. दोन दिवस विचार करून त्यांनी ‘कार्त्स्न्य’ हा शब्द आणून दिला. त्यातल्या दुसऱ्या अक्षराची पाच व्यंजनं आणि त्यांना सांधणारे चार पाय मोडून नऊ तुकडे झाले. वर काना आणि अनुस्वार धरला तरी अकरा. बारा खण रग्गड होते.

“आणि तेरावा तुकडा आला तर?” ओवेसने विचारलं.

“येणारच नाही असं धरलं होतं.”

“तिथे भिंत नाही मॅडम. तपासणीच नाही. तेरावा आला की तो शेजारच्या खणात जाऊन पडतो, आणि तिथे जे असेल ते पुसलं जातं. शेजारी काय आहे, सांगू?”

सुलभाच्या डोळ्यांसमोर बावीस वर्षांपूर्वीचं पान जसंच्या तसं उभं राहिलं. “दशांशचिन्ह,” ती म्हणाली.

२.५ हा आकडा पंक्ती दोन भागांत ठेवायची. एका खणात पंचवीस आणि दुसऱ्यात एक छोटी नोंद: चिन्ह एक घर आधी. ती नोंद बिघडली की निरर्थक ठरायची. आणि नोंद निरर्थक असेल तर चिन्ह न देता आकडा छापावा, हेही सुलभानेच लिहून ठेवलं होतं. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं होतं.

“पण तेरावा तुकडा येणार कुठून?”

“न दिसणारं जोडचिन्ह. जोडाक्षर सुटू नये म्हणून काही प्रणाल्या पाय मोडल्यावर एक अदृश्य चिन्ह टाकतात. दवाखाना बदलला की रुग्णाची फाइल एका प्रणालीतून दुसरीत जाते, आणि प्रत्येक बदलीला ही चिन्हं नव्याने पडतात. आधीची कुणी काढत नाही. पडद्यावर नाव तसंच दिसतं, आतून फुगत जातं.” तो थांबला. “दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. ज्याला हे कळेल तो मुद्दाम असं नाव घडवू शकतो. मग फक्त दशांशचिन्ह नाही, त्या पानावर त्याला हवं ते तो दाखवू शकेल. कुणाचाही सातबारा, कुणाचंही मृत्युपत्र.”

सुलभाला हे दुसरं नीट ऐकूच आलं नाही. ती विचारत होती, “फाइल तीच, पण पडद्यावर आकडा वेगळा. असं होईल?”

“हो मॅडम. फाइलमध्ये अडीच, पडद्यावर पंचवीस.”

तिने फोन ठेवला.

तीन वर्षांपूर्वी ती न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभी राहिली होती. आरोपी होती प्रणाली मडावी, एका मोठ्या ट्रस्ट रुग्णालयातली परिचारिका, वय एकतीस. रक्तातली साखर वाढलेल्या एका बाईला तिने ताशी अडीच युनिटऐवजी पंचवीस युनिट इन्सुलिन लावलं, आणि संध्याकाळपर्यंत ती बाई गेली. प्रणालीचं म्हणणं एकच होतं. खाटेशेजारच्या पडद्यावर पंचवीस लिहिलं होतं. तिला ते जास्त वाटलं म्हणून तिने ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोनही केला. ते म्हणाले, चार्टवर आहे ते द्या. डॉक्टरांना तसा फोन आठवत नव्हता. रुग्णालयात कागद नव्हताच. फाइल उघडली की पंक्ती ते पान पडद्यावर नव्याने मांडायची. तीच फाइल न्यायालयात उघडली गेली. आकडा २.५ होता.

बचावाच्या वकिलांनी, रंगारींनी, सुलभाला विचारलं होतं, “फाइल तीच असताना पडद्यावर वेगळा आकडा दिसणं शक्य आहे का?”

“नाही.”

“किती खात्रीने सांगता?”

“शंभर टक्के.”

आरोपीच्या पिंजऱ्यातली ती सावळी, बारीक मुलगी त्या क्षणी तिच्याकडे बघत होती. सुलभाला वाटलं होतं राग असेल. राग नव्हता. अवघड गणिताचं उत्तर कुणी समजावून सांगितल्यावर माणूस जसा बघतो, तशी ती बघत होती. पाच वर्षांची शिक्षा झाली.

सुलभाने रंगारींचा नंबर शोधला. तीन वर्षांनी तिचा आवाज ऐकून ते गोंधळले.

“त्या गेलेल्या बाईचं नाव काय होतं हो? कोर्टात ते झाकलेलं होतं. रुग्ण क्रमांक एक म्हणून फाइल दाखवली होती.”

“ज्योत्स्ना लांजेवार. का?”

“कुठकुठून आली होती?”

“फार फिरवलं होतं बिचारीला. गावच्या उपकेंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, मग जिल्हा, आणि शेवटी इथं.”

चार बदल्या. सुलभाने नावातलं ‘त्स्ना’ बोटांवर मोजलं. त, पाय मोडला, स, पाय मोडला, न, काना. सहा. दर बदलीला दोन अदृश्य चिन्हं. आठ, दहा, बारा, चौदा.

तिसऱ्या दवाखान्यात थांबली असती तरी, किंवा चौथ्यात, बारा खण पुरले असते. आणि न्यायालयाने तिचं नाव झाकलं नसतं, तर न्यायाधीशांच्या पडद्यावरही पंचवीसच उमटलं असतं.

तिने जुन्या संगणकावर त्या काळातली पंक्ती चालू केली, चार वेळा बदली झाल्यासारखं नाव घडवलं, खाली तक्ता आखला, इन्सुलिनपुढे २.५ टाकलं. पान मांडलं गेलं. सुबक, रेखीव, काना-मात्रा जागच्या जागी.

इन्सुलिन – ताशी २५ युनिट.

भास्करराव दुपारी झोपून उठले तेव्हा ती तशीच बसलेली होती. तिने सगळं सांगितलं. ते म्हणाले, “कार्त्स्न्य मी दिला होता.”

“तुम्ही शब्द दिलात. भिंत मी घालायची होती.”

“तू कोर्टात खोटं बोलली नाहीस, सुलभा.”

“खोटं बोलले असते तर बरं होतं. कुणाला तरी संशय आला असता.”

सुलभाने रात्री फोन करून बोलावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गिरीश सावजी घरी आला. राज्याच्या दस्तऐवज विभागाचा तो संचालक. एकेकाळी सुलभाच्या हाताखाली शिकलेला. पंक्ती राज्याने घ्यावी म्हणून त्यानेच दारोदार फिरून बोलणी केली होती. चपला दाराशी काढून तो नेहमीसारखा तिच्या पाया पडला आणि पडद्यावरचं पान बघून खाली बसला.

“किती दवाखान्यांत आहे हे?” सुलभाने विचारलं.

“सगळ्या.”

“गिरीश, मी आज रंगारींना सांगते. ती मुलगी तुरुंगात आहे.”

“मॅडम, सांगायचंच आहे. पण ऐका. आज हे बाहेर पडलं तर उद्या कुणीही बसल्या जागी कुठलंही पान बदलेल. राज्यातल्या प्रत्येक खाटेशेजारी हा पडदा आहे. एका प्रणालीला न्याय द्यायला आपण किती ज्योत्स्ना मारायच्या?” त्याचा आवाज चढला नव्हता. “तीन आठवडे द्या. दुरुस्ती करतो, सगळीकडे पोचवतो. मग मी स्वतः तुमच्यासोबत कोर्टात येतो.”

ओवेस फोनवर होता. तो म्हणाला, “सर, एक गोष्ट आत्ता करावी लागेल. त्या खाटेशेजारचा पडदा. जुन्या बनावटीच्या पडद्यांत मांडलेल्या पानांचे अवशेष स्मृतीच्या कोपऱ्यात राहतात. त्यावर नवं काही चढवलं नाही तर ते वर्षानुवर्षं टिकतात. तो पडदा मिळाला तर त्या दिवशी त्यावर काय दिसलं, ते काढता येईल.”

रंगारींकडून कळलं होतं की घटनेनंतर रुग्णालयाने तो पडदा काढून भांडारात ठेवला होता. न्यायालयाने तो मागवला नव्हता. फाइल होती, मग पडदा कशाला?

“आजच पत्र पाठवतो,” गिरीश म्हणाला. “त्या पडद्याला कुणी हात लावणार नाही.”

सुलभाने भास्कररावांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते. ती स्वतः जाऊन तो पडदा ताब्यात घ्यायला न्यायालयाला सांगू शकत होती. पण मग कारण सांगावं लागलं असतं, तेही उघड न्यायालयात.

“तीन आठवडे,” ती म्हणाली. “एक दिवस जास्त नाही.”

त्या तीन आठवड्यांत ती दुरुस्तीचं काम करत बसली. स्वतःच्याच जुन्या ओळी वाचताना तिला परक्या माणसाचं हस्तलिखित वाचल्यासारखं वाटे. भिंत घालायला अवघ्या दोन ओळी लागल्या. बाराच्या वर काही आलं तर थांब. उरलेले दिवस हे बघण्यात गेले की त्या दोन ओळींनी दुसरीकडे काही मोडत तर नाही. रोज संध्याकाळी रंगारींना फोन करावा असं वाटायचं. तिने केला नाही. ओवेस मात्र दर दोन दिवसांनी विचारायचा, “पडद्याचं काय झालं मॅडम?” ती गिरीशला विचारायची. गिरीश म्हणायचा, “पत्र गेलंय.”

सोळाव्या दिवसापासून दुरुस्ती पाठवायला सुरुवात झाली, एकविसाव्या दिवशी ती राज्यभर पोचली. बाविसाव्या दिवशी सुलभा, रंगारी आणि ओवेस रुग्णालयाच्या भांडारात गेले. भांडारपालाने वही काढली, मागच्या खोलीत नेलं. पडदा तिथेच होता, पुसून स्वच्छ केलेला. एका कोपऱ्यात हिरवा दिवा लागला होता.

“हा चालू कोणी केला?” ओवेसने विचारलं.

“आपल्याच माणसानं. वरून हुकूम होता ना, भांडारातला-बाहेरचा, एकूण एक पडदा अद्ययावत करा. हा यादीत होता.” भांडारपाल जरा अभिमानानेच म्हणाला, “आमचं काम सगळ्यांत आधी झालं. पहिल्याच दिवशी.”

“याला हात लावू नका म्हणून पत्र आलं नाही?”

त्याने फाइल चाळली. पत्र होतं. त्या पडद्याच्या दुरुस्तीनंतर चार दिवसांनी आवक झालेलं.

ओवेसने तो पडदा दोन दिवस उलटसुलट तपासला. आत काहीही उरलेलं नव्हतं. नागपूरहून निघताना तो सुलभाला म्हणाला, “मॅडम, मी आधी तुम्हाला सांगायला नको होतं. आधी वकिलांना सांगायला हवं होतं.” तो रागावून बोलला नव्हता. पण त्यानंतर त्याने कधी फोन केला नाही.

गिरीशने फोनवर सांगितलं, “पत्रावर मी त्याच दिवशी सही केली होती, मॅडम. खाली कुठे अडकलं मला माहीत नाही.” तो खरं बोलत होता की नाही, हे सुलभाला शेवटपर्यंत कळलं नाही. न्यायालयात तो आला नाही. त्याची बदली झाली होती.

रंगारींनी अर्ज दाखल केला. सुनावणीच्या आधी सुलभाने दोनदा तुरुंगात प्रणालीला भेटायची परवानगी काढली. दोन्ही वेळा निरोप आला: बंदी भेटायला तयार नाही. अर्जावर मात्र तिने सही केली होती.

बातमी बाहेर पडली आणि एका महिन्यात राज्यभरातून नऊशे अर्ज न्यायालयांत आले. पुलाच्या कामात सिमेंट कमी घातलेला कंत्राटदार म्हणाला, मला पडद्यावर वेगळंच प्रमाण दिसलं. भावाची जमीन आपल्या नावावर चढवलेला माणूस म्हणाला, सातबारा मी असाच वाचला. चुकीचा पाय कापलेला एक डॉक्टर म्हणाला, चूक पंक्तीची. त्यांतल्या एखाद-दुसऱ्याचं खरंही असेल. कुणाचं, ते ठरवायला काहीच शिल्लक नव्हतं. दवाखान्यांत नर्सेस आकडे तळहातावर लिहून डॉक्टरांना दाखवू लागल्या. निकालाची प्रत हातात पडली की लोक दोन-तीन जणांना मोठ्याने वाचायला लावत आणि एकमेकांचं ताडून बघत.

नोव्हेंबरात सुनावणी झाली. न्यायाधीश बाई शांतपणे ऐकून घेणाऱ्या होत्या. सुलभाने जुनी पंक्ती चालवून दाखवली. नाव घातलं की पंचवीस, नाव झाकलं की अडीच. दालनात कुजबुज झाली.

सरकारी वकील उठले. त्यांनी तीन वर्षांपूर्वीची तिची साक्ष वाचली. “तेव्हा तुम्ही शंभर टक्के खात्रीने सांगितलं होतं की असं होणं शक्य नाही.”

“हो.”

“आज तुम्ही सांगता की असंच झालं. आज किती खात्री आहे?”

“शंभर टक्के,” सुलभा म्हणाली. मागच्या बाकांवर कुणीतरी हसलं.

निकाल तीन पानांचा होता. न्यायाधीशांनी लिहिलं: असं होऊ शकतं हे अर्जदाराने दाखवून दिलं आहे. त्या दिवशी त्या खाटेशेजारी तसं झालं, याचा पुरावा नाही. केवळ शक्यतेवर शिक्षा रद्द करू लागलो, तर राज्यातला एकही निकाल उभा राहणार नाही. अर्ज फेटाळला.

बाहेर पायऱ्यांवर रंगारी म्हणाले, “वर जाता येईल. पण ती नाही म्हणते. थोडेच दिवस उरलेत, तेवढे भोगून सुटते म्हणाली.”

फेब्रुवारीत प्रणाली सुटली. पंधरा दिवसांनी सुलभा एकटीच प्रणालीच्या गावी जायला सिंदेवाहीच्या बसमध्ये बसली. “तिला तरी कळू दे की तिने बरोबर वाचलं होतं,” ती भास्कररावांना म्हणाली होती. भास्करराव म्हणाले होते, “ते तिच्यासाठी सांगणार आहेस, की तुझ्यासाठी?” अलीकडे ते फारसं बोलत नसत, जे बोलत ते असं.

गावाबाहेर भाताची गिरणी होती. प्रणाली तिथे पोती शिवायच्या कामावर लागली होती. निरोप गेला तशी ती बाहेर आली, केसांवर कोंडा, हातात दाभण. सुलभाला तिने लगेच ओळखलं. ती म्हणाली, “या मॅडम. इथं सावलीत बसा. पाणी आणू का?”

दोघी चिंचेखालच्या दगडावर बसल्या. गिरणीची घरघर चालू होती.

“तुरुंगात भेटायला आले होते मी. दोनदा.”

“माहीत आहे. मला नाही भेटावं वाटलं जी. राग म्हणून नाही.” प्रणालीने दाभण ओढणीच्या टोकात खोचला. “त्या दिवशी कोर्टात तुम्ही बोलल्या ना, तोवर मी रोज म्हणून राहिली होती, मी पंचवीसच पाहिलं. घरचे म्हणत चूक झाली म्हण, सुटशील. मी म्हणे, नाही, पाहिलं ते पाहिलं. मग तुम्ही उभ्या राहिल्या. मी विचार केला, या बाईंचं माझ्याशी काही वैर नाही. यांनीच ते मशीन बनवलं. या म्हणतात होत नाही, म्हणजे होत नसेल. म्हणजे माझेच डोळे चुकले.”

“तुझे डोळे चुकले नव्हते, प्रणाली.”

“रंगारी साहेबांनी सांगितलं काहीतरी. नावात काही खोट होती म्हणे. मला नाही समजलं.”

सुलभाने समजावून सांगितलं. बोटांवर मोजून दाखवलं. त, स, न, काना. सहा, आठ, दहा, बारा, चौदा. शिकवताना बोलायची तशी ती सावकाश बोलली, आणि शेवटी म्हणाली, “पडद्यावर पंचवीसच होतं. तू जे पाहिलंस ते खरं होतं. चुकले ते मी. हेच सांगायला आले.”

तिला वाटलं होतं प्रणाली रडेल, किंवा चिडेल. दोन्हींची तिने तयारी केली होती. प्रणाली समोरच्या पोत्यांकडे बघत राहिली. तिने विचारलं, “म्हणजे पंचवीस होतं?”

“हो.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग मला दिसत होतं की पंचवीस आहे.” ती हळूहळू, शब्द चाचपत बोलत होती. “अन् जास्त आहे हे पण कळत होतं. म्हणून तर मी सरांना फोन केला. ते म्हणाले द्या. तरी माझं मन नव्हतं होत. पंपाच्या बटनावर बोट ठेवून मी उभी राहिली होती मॅडम, कितीतरी वेळ. मला वाटलं, आपण कोण? एवढं मोठं हॉस्पिटल, वर लिहून आहे, डॉक्टर म्हणून राहिले.” तिने सुलभाकडे बघितलं. “अन् मग मी दाबलं.”

“तुझा दोष नाही त्यात.”

“तुम्ही कोर्टात बोलल्या तेव्हापासून मी असं धरून चालली होती की मी वाचतानाच चुकली. अडीच होतं, मला पंचवीस दिसलं. डोळ्याची चूक. ती कोणाचीही होते. त्याच्यावर मला झोप तरी यायची. आता तुम्ही सांगता की डोळे बरोबर होते. म्हणजे मला सगळं बरोबर दिसलं, बरोबर समजलं, अन् तरी मी तिला मारलं.”

“असं नाही—”

“मग कसं?”

गिरणीतून कुणीतरी प्रणालीला हाक मारली. ती उठली, ओढणी झटकली.

“मॅडम, एक सांगू? आमच्या घरी नका सांगू हे. ह्यांनी मला परत घेतलं. चूक माणसाकडून होते म्हणाले. पोरीला पण तेच सांगून ठेवलं, आईची चूक झाली होती म्हणून. पेपरात आलं तेव्हा ह्यांनी विचारलं होतं. कोर्टानं फेटाळलं तर मग खोटंच असेल, असं समजून सोडून दिलं त्यांनी. तसंच राहू द्या. चुकीला माफी दिली त्यांनी. याला कशी देतील?”

“नाही सांगणार,” सुलभा म्हणाली.

“शपथ?”

“शपथ.”

प्रणालीने मान हलवली. ओढणीतून दाभण काढून ती आत गेली आणि पोत्यांच्या राशीआड बसली. तिथून ती सुलभाला दिसत नव्हती.